‘तुम्ही बसा, आम्ही करतो’

आपल्या घरांत ज्येष्ठांविषयीची काळजी ज्या वाक्याने वारंवार व्यक्त होते, ते वाक्य म्हणजे ‘तुम्ही बसा, आम्ही करतो.’ सासूबाईंनी पोळपाट पुढे ओढला की सून ते म्हणते. वडिलांनी बँकेचे पासबुक हाती घेतले की मुलगा म्हणतो. आजोबा पिशवी घेऊन भाजीला निघाले की नातू म्हणतो. या वाक्यात माया असते. आयुष्यभर कष्ट उपसलेल्या हातांना आता विसावा मिळावा, ही त्यामागील भावना खरीच असते. त्यामुळे त्यात काही उणे असेल, अशी शंकाही सहसा कोणाच्या मनात येत नाही.

आजच्या लेखांकात मात्र याच वाक्याची परीक्षा करावयाची आहे. त्याला कारण आहे. गेल्या अर्धशतकात निरनिराळ्या विद्यापीठांच्या संशोधकांनी कचेरी, वृद्धनिवास आणि शुश्रूषागृह अशा अगदी वेगळ्या ठिकाणी माणसांच्या प्रकृतीचा अभ्यास केला. या संशोधकांचे विषय भिन्न होते, पद्धती भिन्न होत्या. तरीही त्यांची निरीक्षणे शेजारी ठेवली, तर ती एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. माणसाच्या हातून काम आणि निर्णय हे दोन्ही निघून गेले, की त्याची झळ मनाला तर लागतेच, पण शरीरालाही लागते.

कचेरीतील हृदय

लंडनमधील व्हाइटहॉल हा ब्रिटिश सरकारच्या कचेऱ्यांचा परिसर. तेथील सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीची पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. त्या काळी सर्वसाधारण समजूत अशी होती, की हृदयविकार हा वरिष्ठांचा रोग. ज्याच्या डोक्यावर जबाबदारी मोठी, त्याचे हृदय आधी थकणार. प्रत्यक्षात उलटे आढळले. सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई, पहारेकरी यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या तुलनेत तिपटीहून अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या परिचित कारणांचा हिशेब करूनही या तफावतीचा मोठा भाग शिल्लक राहत होता.

हा शिल्लक भाग कशाचा, हे शोधण्यासाठी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दुसरा अभ्यास हाती घेतला. वीस सरकारी खात्यांतील ३५ ते ५५ वयोगटातील १०,३०८ स्त्री-पुरुष त्यात सहभागी झाले. त्यांना विचारलेल्या प्रश्नांपैकी काही साधे होते: आपले काम कसे करावयाचे, कोणत्या क्रमाने करावयाचे, हे ठरविण्यात तुमचा वाटा कितपत असतो? १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांच्या अंतराने दोन्ही वेळा ‘माझ्या हातात फारसे काही नाही’ अशा स्थितीत आढळलेल्यांना पुढे हृदयविकार जडण्याची शक्यता, कामावर चांगला ताबा असणाऱ्यांच्या तुलनेत, जवळजवळ दुप्पट होती. कामाचा भार किती आहे, एवढ्यावर सारे अवलंबून नव्हते. त्या कामात आपले काही चालते की नाही, यालाही मोठे महत्त्व होते.

या अभ्यासाचे मोल त्याच्या चिकाटीत आहे. तीच माणसे दशकानुदशके पुनःपुन्हा तपासली गेली. पस्तिशीत सहभागी झालेले लोक साठीत पोहोचले, निवृत्त झाले, आणि कचेरीच्या आरोग्याचा अभ्यास वार्धक्याचा अभ्यास बनला. २०१८ मध्ये या गटातील ३,४३३ व्यक्तींच्या निवृत्तीपूर्व आणि निवृत्तीनंतरच्या स्मरणशक्तीची तुलना प्रसिद्ध झाली. वाढत्या वयाचा परिणाम वेगळा काढूनही, शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता निवृत्तीनंतर ३८ टक्के अधिक वेगाने घटत असल्याचे दिसले. त्यातही एक बाब विचार करायला लावणारी आहे. नोकरीत असताना वरच्या श्रेणीतील लोकांची ही घट मंद होती. निवृत्तीनंतर मात्र श्रेणीचे ते कवच उरले नाही. खुर्चीबरोबर हुद्दा गेला, आणि हुद्द्याबरोबर बुद्धीला रोज मिळणारे खाद्यही गेले, असे म्हणता येईल. यावरून निवृत्ती वाईटच, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. निवृत्तीनंतर बुद्धीला दुसरे काय काम दिले, हा खरा प्रश्न आहे.

वृद्धनिवासातील रोपटे

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील आर्डेन हाउस या वृद्धनिवासात १९७० च्या दशकात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. रोडिन तेव्हा येल विद्यापीठात होत्या. एका मजल्यावरील रहिवाशांना व्यवस्थापकाने सांगितले, की तुमच्या खोलीची मांडणी कशी असावी, वेळ कसा घालवावा, तक्रार कशाची करावी, हे तुम्ही ठरवावयाचे आहे. त्यांना रोपट्यांतून आपल्या पसंतीचे एक निवडू दिले आणि त्याची निगा त्यांच्यावर सोपविली. चित्रपट गुरुवारी पाहावा की शुक्रवारी, हेही त्यांनीच निवडले. दुसऱ्या मजल्यावर तितक्याच आपुलकीने सांगण्यात आले, की तुम्हांला सुखात ठेवणे ही आमची जबाबदारी आहे. त्यांनाही रोपटे मिळाले, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. त्यांनाही चित्रपट होता, पण वार ठरवून दिलेला होता.

तीन आठवड्यांनी पहिल्या गटातील ९३ टक्के रहिवाशांच्या स्थितीत एकंदर सुधारणा दिसली. ते अधिक बोलके, अधिक हिंडते-फिरते झाले होते. दुसऱ्या गटातील ७१ टक्के रहिवासी मात्र या अल्पावधीतही अधिक खालावलेले आढळले. दीड वर्षाने पुन्हा पाहिले, तेव्हा पहिल्या गटातील ४७ पैकी ७ आणि दुसऱ्या गटातील ४४ पैकी १३ जण मरण पावले होते. मृत्यूंच्या या आकड्यांविषयी सावधपणे बोलले पाहिजे. गट लहान होते, आणि मूळ गणितातील चूक दुरुस्त केल्यावर हा फरक योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणण्याइतका तो भक्कम राहिला नाही. म्हणून ‘रोपटे लावा, आयुष्य वाढवा’ असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. परंतु दोन्ही मजल्यांवर माया सारखीच असूनही तीन आठवड्यांत जो फरक पडला, तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

याच सुमारास ड्यूक विद्यापीठाच्या परिसरात रिचर्ड शुल्झ यांनी केलेला प्रयोग या विषयाची दुसरी बाजू दाखवतो. एका वृद्धनिवासातील काही रहिवाशांना भेटण्यासाठी दोन महिने विद्यार्थी येत असत. काहींना भेट केव्हा आणि किती वेळ हे ठरविता येत होते. काहींना ते आधी कळविले जात होते. काहींकडे विद्यार्थी अवचित येत. ज्यांना ठरविता येत होते आणि ज्यांना निदान आधी ठाऊक असे, त्या दोघांचीही प्रकृती व उत्साह इतरांहून चांगला राहिला. पुढे प्रयोग संपला, विद्यार्थी येईनासे झाले. त्यानंतरच्या वर्षांत केलेल्या पाहणीत, जे सर्वाधिक सुधारले होते तेच खालावलेले दिसले.

घरी शुश्रूषा करणाऱ्यांनी यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी, की जेथे निर्णय ज्येष्ठांवर सोपविणे शक्य नसेल, तेथे निदान पूर्वसूचना द्यावी. ‘चला, रिक्षा आली आहे’ असे ऐन वेळी म्हणण्यापेक्षा ‘उद्या अकरा वाजता दवाखान्यात जायचे आहे, रक्त काढणार आहेत’ असे आदल्या दिवशी सांगितल्याने बराच फरक पडतो. दुसरी अशी, की हौसेने दिलेली जबाबदारी किंवा सोबत चार दिवसांनी काढून घेऊ नये. जेवढे निभेल तेवढेच द्यावे, पण ते टिकवावे.

नव्वदीतील स्नायू

येथवर मनाच्या वाटेने शरीरापर्यंत पोहोचणाऱ्या परिणामांचा विचार झाला. ‘तुम्ही बसा’ या वाक्याचा सरळ शरीरावर होणारा परिणाम अधिक उघड आहे. बोस्टनमधील टफ्ट्स विद्यापीठात वार्धक्यातील पोषणाचा अभ्यास करणारे एक संशोधन केंद्र आहे. तेथील मारिया फिआटारोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये, सरासरी वय ९० असलेल्या शुश्रूषागृहातील दहा दुर्बल रहिवाशांना आठ आठवडे पायांच्या स्नायूंना बळ देणारा भारव्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांतील बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. दोघांची काठी सुटली.

अवघ्या दहा जणांवरून कोणी नियम सांगणार नाही. म्हणून पुढे १०० रहिवाशांवर अधिक काटेकोर अभ्यास झाला आणि तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती ९८ वर्षांची होती. दहा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांचे स्नायुबल ११३ टक्क्यांनी वाढले. न करणाऱ्यांचे केवळ ३ टक्क्यांनी. चालण्याचा वेग आणि जिना चढण्याची शक्ती वाढली. विशेष म्हणजे व्यायामाच्या तासाबाहेरही ही मंडळी आपणहून अधिक हालचाल करू लागली. याच अभ्यासात काहींना केवळ पोषक द्रवाहार देण्यात आला होता. व्यायामाविना नुसत्या त्या आहाराने दुर्बलता कमी झाली नाही. महागडी टॉनिके आणि प्रथिनांचे डबे घरी आणून ज्येष्ठांना दिवसभर खुर्चीत बसविणाऱ्या कुटुंबांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. हा व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, प्रत्येकाची क्षमता मोजून, आठवड्यातून तीन वेळा दिला गेला होता. लेख वाचून कोणी घरी वजने उचलू लागणे धोक्याचे ठरेल. छातीत दुखणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, वारंवार चक्कर, अलीकडे झालेला अस्थिभंग किंवा शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्याविना काहीही सुरू करू नये. इतरांनी भिंतीला टेकविलेल्या भक्कम खुर्चीतून, आधी हातांचा आधार घेऊन आणि पुढे जमल्यास न घेता, उठण्या-बसण्याचा सराव करावा. प्रारंभी कोणीतरी शेजारी असावे. स्वतःचे पाणी स्वतः उठून घेणे, घडी घातलेले कपडे कपाटात ठेवणे, तुळशीला पाणी घालणे, ही कामे क्षुल्लक वाटली तरी स्नायूंच्या लेखी ती कामेच असतात.

देवनारहून विचारलेला प्रश्न

हे सारे परदेशांतील अभ्यास झाले. आपल्या समाजात एकत्र कुटुंब आहे, वडिलांचा मान आहे. येथे तसे कसे होईल, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर येथल्याच माणसांकडून मिळाले पाहिजे, आणि तसे काम सुरूही झाले आहे. मुंबईत देवनार येथे १९५६ पासून लोकसंख्याशास्त्राचे अध्यापन व संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. हे अभिमत विद्यापीठ आहे. हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या सहकार्याने या संस्थेने भारतातील वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला असून ‘लासी’ या लघुनामाने तो ओळखला जातो. त्याच्या पहिल्या फेरीचे काम २०१७ मध्ये सुरू झाले, आणि देशभरातील ४५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती गोळा झाली. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९९२ पासून चाललेल्या अशाच अभ्यासाशी तुलना करता यावी, अशा रीतीने त्याची आखणी केलेली आहे.

या पाहणीत रक्तदाब, हाताच्या पकडीचे बळ, चालण्याचा वेग, स्मरणशक्ती यांची मोजमापे घेतली जातात. त्यासोबत घरातील निर्णयांविषयीही विचारले जाते. मुलामुलींचे विवाह, मालमत्तेची खरेदी-विक्री, घरातील कार्ये यांच्या निर्णयात ज्येष्ठांचा सहभाग असतो का, हा आरोग्याच्या पाहणीतील प्रश्न आहे, ही बाबच पुरेशी बोलकी आहे.

अशा पाहणीसाठी कोणी आपल्या दारी आल्यास ओळखपत्र पाहावे, हेतू समजून घ्यावा, संमती देणे वा न देणे हा आपला अधिकार आहे हे ध्यानात घ्यावे, आणि मगच सहभागी व्हावे. आधार क्रमांक, बँकेचा तपशील किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी मात्र कोणालाही देऊ नये. आणि आई-वडिलांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी देऊ नये. त्यांना सांगता येत असेल, तर त्यांचे उत्तर त्यांनीच द्यावे.

हाच नियम डॉक्टरांच्या खोलीतही लागू व्हावा. पुष्कळदा असे घडते, की पंचाहत्तर वर्षांच्या रुग्णासमोर बसून डॉक्टर मुलाशी बोलतात, शस्त्रक्रियेचा निर्णय मुलगा घेतो आणि रुग्णापुढे सहीचा कागद सरकविला जातो. मुलाने अशा वेळी नम्रपणे एवढेच म्हणावे: ‘डॉक्टर, बाबांनाच सांगा, मी ऐकतो आहे.’

घरातल्या घरात

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीचे काय, असा प्रश्न अनेक शुश्रूषकांना पडेल. देवनारच्या पाहणीला जोडून झालेल्या अभ्यासानुसार आपल्या देशातील साठीपुढील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असावा. अशा घरांत गॅस, औषधे, पैसे आणि एकट्याने बाहेर जाणे यांबाबत सुरक्षितता आधी पाहिली पाहिजे. तेथे तडजोड नको. पण धोका नसलेल्या गोष्टींत निवड शिल्लक ठेवता येते. ‘काय नेसणार?’ हा प्रश्न अवघड जात असेल, तर दोन लुगडी समोर धरून ‘हे की हे?’ असे विचारावे. आधी आंघोळ की आधी चहा, हे त्यांना ठरवू द्यावे. शेंगा सोलणे, वाती वळणे, लसूण निवडणे यांत हात रमतात. काम नीट झाले नाही तरी पुन्हा त्यांच्यादेखत करू नये.

ज्यांची बुद्धी शाबूत आहे, त्यांच्याबाबत कुटुंबाने एकदा निवांत बसून यादी करावी. कोणती कामे पूर्णपणे त्यांची, कोणती सोबतीने करावयाची, आणि कोणती खरोखरच आता इतरांनी करावयाची. ही यादी ज्येष्ठांना वगळून करू नये. वाणसामानाची नोंद, वीजबिलाची तारीख, नातवंडांचे पाढे, सोसायटीचा पत्रव्यवहार, अशी एक तरी जबाबदारी पूर्णपणे त्यांची असावी, आणि त्यांच्या पद्धतीने ती पार पडू द्यावी. वेळ अधिक लागेल, पोळी थोडी वाकडी होईल, हिशेब दोनदा करावा लागेल. तेवढा धीर इतरांनी धरावा.

ज्येष्ठांनीही आपली बाजू सांभाळावी. ‘तुम्हीच काय ते ठरवा, आमचे आता काय उरले’ असे म्हणून निर्णय अंगाबाहेर टाकू नयेत. तसेच आपल्याकडे आलेले काम हे सुनेच्या स्वयंपाकघरात किंवा मुलाच्या संसारात हस्तक्षेप करण्याचे निमित्त होऊ देऊ नये. दृष्टी, श्रवण वा तोल खरोखरच साथ देत नसेल, तर मदत मागण्यात कमीपणा मानू नये. चष्मा, श्रवणयंत्र, काठी ही साधने आपला ताबा टिकविण्यासाठीच असतात.

शेवटी शुश्रूषकांविषयी. व्हाइटहॉलच्या अभ्यासाने ज्या स्थितीला हृदयासाठी घातक ठरविले, तिच्याशी आपल्या घरांतील शुश्रूषकांची स्थिती ताडून पाहावी. काम अखंड आणि ते कसे व केव्हा करावे हे मात्र इतरांनी ठरवायचे, ही अवस्था अनेक सुनांची, अविवाहित मुलींची आणि ब्यूरोतर्फे येणाऱ्या मावशींची असते. लंडनचा अभ्यास सरकारी कर्मचाऱ्यांचा होता, घरच्या शुश्रूषकांचा नव्हता. तरीही त्यातील तत्त्व येथे लागू पडावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. म्हणून शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या आठवड्यात काही तास निर्विवादपणे तिचे असावेत, औषधांच्या वेळा व दिनक्रम ठरविताना तिचे मत घेतले जावे, आणि दूरगावी राहणाऱ्या भावंडांनी फोनवरून सूचना देण्याआधी ‘तुला काय सोयीचे आहे?’ असे विचारावे.

‘तुम्ही बसा’ ऐवजी ‘तुम्ही कराल का? मी जवळच आहे’ असे म्हणून पाहण्यास खर्च काहीच नाही. या पंधरवड्यात निदान एका कामाबाबत तसे म्हणून पाहावे.

पुढील लेखांकात घरात पडण्याचे प्रसंग टाळण्यासाठी तोल सांभाळण्याच्या सोप्या सरावांचा विचार करू.